पावतीच्या तळाची ओळ

सोन्या मारुती चौकातून लक्ष्मी रस्त्याने सिटी पोस्टाकडे निघालं की सराफांच्या पेढ्या लागतात. मागच्या लग्नसराईत भाचीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला आम्ही तिथल्याच एका जुन्या पेढीत बसलो होतो. सराफांनी खणातून कागदाची पुडी काढली, एकेक घडी उलगडली आणि चिमट्याने खडा उचलून भाचीच्या दोन बोटांच्या बेचक्यात ठेवला. "तीस सेंटचा आहे ताई, भिंगातून बघा." तीस सेंट म्हणजे ६० मिलिग्रॅम, गव्हाच्या एखाद्या भरदार दाण्याएवढं वजन. पुडीचा कागद पुन्हा मिटेपर्यंत कुणी मोठ्याने श्वासही घेतला नाही.

पावती झाली. सोन्याचं वजन, घडणावळ, जीएसटी, आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ. तिचा मतलब असा की, हे हिरे रीतसर मार्गाने घेतलेले आहेत, त्यांच्या पैशावर कुठलाही सशस्त्र संघर्ष पोसलेला नाही आणि संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांचं पालन झालेलं आहे. भाचीने विचारलं, "मामा, अंगठीच्या पावतीवर लढाई कशाला?" सराफ म्हणाले, "व्यापाऱ्याकडून माल येतो तेव्हा त्याच्या बिलावर हे असतंच. तेच आम्ही पुढे उतरवतो."

'पुढे उतरवतो' हे त्यांनी अगदी खरं सांगितलं. ही ओळ एका हातातून दुसऱ्या हातात उतरत बुधवार पेठेपर्यंत येते. ती जिथून निघते त्या व्यवस्थेचं नाव किंबर्ली प्रक्रिया. संस्था म्हणावं तर कित्येक वर्षं तिला स्वतःचं कार्यालय नव्हतं. अध्यक्षपद दरवर्षी एका देशाकडून दुसऱ्याकडे जायचं आणि दप्तरही त्याच्याबरोबर फिरायचं. बोट्स्वानाची राजधानी गॅबरोनला कायमचं सचिवालय सुरू झालं ते २०२४ मध्ये. पण युद्धाच्या काळात व्यापाराला माणसाच्या जिवाची अट घालायची आणि ती अट सीमेवरच्या कस्टमच्या टेबलावर पाळून घ्यायची, हे काम गेल्या पाव शतकात जगात कुणी सर्वात नेटाने करून पाहिलं असेल, तर ते या बिनघराच्या संस्थेने. म्हणून तिची वाटचाल लिहावीशी वाटली.

हिरा आणि लढाई यांचं नातं आपल्या पेठेला परकं नाही. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला आणि १८७९ च्या आगीत जळून गेलेला बुधवार वाडा इथलाच. १८१८ मध्ये याच बाजीरावाचं राज्य बुडालं तेव्हा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातला मोठा हिरा युद्धातली लूट म्हणून कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. नाशिकवरून त्याला 'नासक' म्हणतात. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने तो ३,००० पौंडांना घेतला. मूळचा सुमारे ९० कॅरेटचा खडा पुन्हा पुन्हा पैलू पाडत १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांच्याकडे ४३.३८ कॅरेटवर आला. अर्धं वजन घासून गेलं, त्याबरोबर त्याच्या अंगावरचा लढाईचा मागही गेला. तो कुणाच्या देव्हाऱ्यातून उचलला होता, हे पैलू पाडलेला खडा सांगत नाही. सगळी अडचण आहे ती इथेच.

आता आफ्रिकेकडे. सिएरा लिओनमध्ये १९९१ ला आरयूएफ या बंडखोर संघटनेने युद्ध पेटवलं. पूर्वेकडच्या कोनो जिल्ह्यात हिरे नदीच्या गाळात सापडतात. खाण खणावी लागत नाही, फावडं आणि चाळण पुरते. ते शेजारच्या लायबेरियात जायचे आणि तिथून बंदुका यायच्या. बंडखोरांनी सामान्य माणसांचे हात मनगटापासून, कोपरापासून तोडले. मुलांच्या हाती शस्त्रं दिली. जुलै १९९९ मध्ये लोमे इथे शांतता करार झाला आणि त्यात आरयूएफचा म्होरक्या फोदे सांकोह याला देशाच्या खनिज संपत्तीच्या आयोगाचं अध्यक्षपद मिळालं, उपराष्ट्राध्यक्षाच्या दर्जासह. ज्या गाळातल्या खड्यांसाठी माणसं तुडवली, त्याच गाळाची किल्ली तुडवणाऱ्याच्या हाती. मला या साऱ्या इतिहासातलं हे सर्वात जळजळीत पान वाटतं, आणि ते रणांगणात लिहिलं गेलेलं नाही, वाटाघाटीच्या टेबलावर लिहिलं गेलं.

अंगोलात युनिटाचे बंडखोर हेच करत होते. सुरक्षा परिषदेने जून १९९८ मध्ये ठराव ११७३ करून त्यांच्या हिऱ्यांवर बंदी घातली, पण बंदी कागदावर आणि माल अँटवर्पच्या बाजारात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ग्लोबल विटनेस या लंडनच्या छोट्या संस्थेने अहवाल काढला. १९९२ पासून युनिटाने हिऱ्यांतून सुमारे ३७० कोटी डॉलर मिळवले, असा तिचा अंदाज होता. जानेवारी २००० मध्ये पार्टनरशिप आफ्रिका कॅनडाने सिएरा लिओनवर लिहिलं. मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फाउलर समितीने तर बंदी मोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रप्रमुखांची नावंच घेतली. व्यापाऱ्यांना धडकी भरली. साखरपुड्याच्या अंगठीचा संबंध लोकांच्या मनात तुटलेल्या हातांशी एकदा जोडला गेला, की तो कुठल्या जाहिरातीने सुटणार होता?

मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली गावी हिरे काढणारे देश, व्यापारी आणि स्वयंसेवी संस्था एकत्र बसल्या. गावही अर्थाचं निवडलं होतं. एकोणिसाव्या शतकात हिऱ्यांपायी माणसांनी कुदळीने खणलेलं अजस्र विवर अजून तिथे आहे, डी बिअर्स कंपनीचा जन्मही तिथलाच. डिसेंबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा पाठिंबा मिळाला, ५ नोव्हेंबर २००२ ला स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेनमध्ये जाहीरनामा निघाला आणि १ जानेवारी २००३ पासून व्यवस्था लागू झाली. अडीच वर्षांत. आंतरराष्ट्रीय कामात इतकी लगबग मी फारशी वाचलेली नाही. भारत पहिल्यापासून आत आहे.

रीत साधी आहे. कच्चा हिरा सीमा ओलांडणार असेल, तर तो न उघडता येणाऱ्या सीलबंद डब्यात जाईल, सोबत सरकारी प्रमाणपत्र असेल, त्यावर उगमाचा देश, कॅरेटमधलं वजन आणि डॉलरमधली किंमत. सभासद देशाने सभासदाबाहेर कुणाशी कच्च्या हिऱ्याचा व्यवहार करायचा नाही. आज ६० सभासद आहेत. युरोपीय संघ एकच धरला आहे, त्यामुळे देश मोजले तर ८६. आपल्याकडे वाणिज्य मंत्रालयाच्या वतीने प्रमाणपत्राचं काम जेम अँड ज्वेलरी एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिल पाहते. तिचं मुख्यालय मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात, भारत डायमंड बोर्सच्या आवारात. जगात पैलू पाडले जाणारे बहुतेक हिरे सुरतेच्या घंटीवरून जातात, अंधेरीच्या सीप्झमध्ये मराठी कारागीर ते कोंदणात बसवतात. थोडक्यात, हिऱ्याच्या जगातलं एक मोठं दार आपल्या राज्यात आहे.

पण प्रमाणपत्राचा प्रवास कच्च्या हिऱ्यापाशी संपतो. घंटीवर चढला, पैलू पडले, की डबा नाही, सील नाही. पुढे फक्त व्यापाऱ्याने दिलेली हमी, म्हणजे आमच्या पावतीच्या तळाची ती ओळ. सराफांनी ती प्रामाणिकपणे उतरवली, त्यांच्या आधीच्यानेही बहुधा प्रामाणिकपणेच. मात्र त्या साखळीतल्या कुणीही नदीकाठ पाहिलेला नसतो. शिवाय वेगवेगळ्या देशांतल्या खाणींचा माल एकदा एकत्र झाला की प्रमाणपत्रावर उगमाच्या रकान्यात 'मिश्र' एवढाच शब्द येतो.

ही व्यवस्था उभी राहताच जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांशी तिची गाठ पडली. तिथला पायाभूत नियम असा की, एका सभासदाला जी सवलत ती सगळ्यांना, आणि आयातीवर मनमानी बंदी नाही. किंबर्ली तर सांगत होती की बाहेरच्याचा माल दारातूनच परत पाठवा. काही जाणकारांचं म्हणणं होतं की वेगळ्या परवानगीची गरजच नाही. गॅट करारातल्या विसाव्या कलमात सार्वजनिक नीती आणि मानवी जीवित यांच्या रक्षणाचा अपवाद आहे, एकविसाव्यात संयुक्त राष्ट्रांच्या सनदेखालच्या कर्तव्याचा आहे. पण उद्या कुणी दावा लावला तर? म्हणून १५ मे २००३ ला व्यापार संघटनेच्या सर्वसाधारण परिषदेने रीतसर सूट दिली, १ जानेवारी २००३ पासून मागे जाऊन लागू होणारी. ती २००६ च्या अखेरपर्यंत होती, पुढे वाढत गेली. सूट मागणाऱ्यांत कॅनडा आणि जपानबरोबर सिएरा लिओनही होता, याचं मला विशेष वाटतं. ज्या देशाचे हात तोडले गेले, त्यानेच त्या दालनात हात वर केला.

एरवी व्यापार करारात मानवी हक्कांचं कलम घालतात ते कसं राहतं, याचा नमुना आपल्याच देशाच्या करारात आहे. भारत आणि युरोपीय समुदाय यांनी २० डिसेंबर १९९३ ला सहकार्य करार केला. त्याच्या पहिल्याच कलमात मानवी हक्कांचा आदर हा कराराचा आवश्यक घटक आहे, असं लिहिलेलं आहे. पोर्तुगाल या करारावरून युरोपीय न्यायालयात गेला. समुदायाला अशा विषयांवर करार करण्याचा अधिकार आहे का, असा तो वाद होता. भारतावर आरोप नव्हता. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने कलम उचलून धरलं. युरोपच्या पुढच्या कितीतरी करारांत तसं कलम आलं. मात्र युद्धात त्याच्या आधारे व्यापार थांबल्याचे दाखले फार थोडे. २०११ मध्ये सिरियातल्या दडपशाहीनंतर तिथल्या सहकार्य कराराचा काही भाग स्थगित झाला, तो त्यातला एक. करारात कलम असतं, पण सीमेवर कुणी डबा उघडून पाहत नाही. किंबर्लीत निदान डबा होता.

आणि सुरुवातीला तो डबा चालला. काँगो प्रजासत्ताक, ज्याची राजधानी ब्राझाव्हिल, त्या देशातून जेवढे हिरे निघू शकतात त्यापेक्षा कितीतरी जास्त निर्यात होत होती. आकडे समोर ठेवून २००४ मध्ये त्याचं नाव कापलं, हिशेब सुधारल्यावर २००७ मध्ये परत घेतलं. लायबेरियाच्या हिऱ्यांवरची बंदी २००७ मध्ये उठली आणि तो सभासद झाला. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात मार्च २०१३ मध्ये सेलेका बंडखोरांनी राजधानी घेतली, मे महिन्यात त्या देशाची निर्यात स्थगित झाली. पुढे २०१५ पासून ज्या भागात शांतता आहे तिथल्याच मालाला वाट दिली आणि सगळे निर्बंध उठले ते २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये. लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाने २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा ठोठावली. ते श्रेय या प्रक्रियेचं नाही, पण हिऱ्यांच्या मागावर चालत जगाचा कायदा एका माजी राष्ट्रप्रमुखापर्यंत पोहोचला, हे त्याच काळातलं.

मग मारांगे आलं.

झिम्बाब्वेच्या पूर्वेला मारांगेच्या भागात २००६ मध्ये हिरे सापडले आणि हजारो गरीब माणसं चाळण घेऊन तिथे लोटली. २००८ च्या अखेरीला लष्कराने ते क्षेत्र ताब्यात घेतलं. हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाला. दोनशेहून अधिक माणसं मारली गेली, असं ह्यूमन राइट्स वॉचने पुढच्या वर्षी नोंदवलं. जे वाचले त्यांच्यातल्या कित्येकांकडून सैनिकांनी जबरदस्तीने खणून घेतलं. प्रकरण किंबर्लीसमोर आलं आणि एक वाक्य आडवं आलं. 'संघर्षाचे हिरे' म्हणजे काय, हे २००२ मध्ये लिहिलं गेलं तेव्हा समोर आरयूएफ आणि युनिटा होते. म्हणून वैध सरकार उलथण्यासाठी बंडखोर किंवा त्यांचे साथीदार वापरतात ते कच्चे हिरे, एवढीच व्याख्या ठरली. मारांगेत बंडखोर नव्हते, सरकारचेच सैनिक होते. गोळी तीच, गाळ तोच, खाली पडलेला माणूसही तसाच उपाशी. पण व्याख्येत तो बसत नव्हता.

२००९ मध्ये निर्यात काही काळ अडवली, कृती आराखडा केला, निरीक्षक नेमला. फराई मागुवू हा तिथला कार्यकर्ता माहिती गोळा करत होता. जून २०१० मध्ये त्याला अटक झाली, प्रक्रियेच्या निरीक्षकाशी भेट झाल्यानंतर थोड्याच दिवसांत. तो महिनाभराहून जास्त तुरुंगात होता. त्याच महिन्यात तेल अवीवच्या बैठकीत एकमत झालं नाही. पण २०११ च्या नोव्हेंबरमध्ये किन्शासाला निर्यातीची वाट मोकळी झाली. ही व्यवस्था उभारायला ज्यांनी सर्वात कष्ट घेतले त्यांतले इयान स्मायली २००९ मध्येच बाहेर पडले होते. ५ डिसेंबर २०११ ला ग्लोबल विटनेसनेही राजीनामा दिला. ज्यांनी बाळाला जन्म दिला त्यांनीच पाठ फिरवावी, याहून मोठा ठपका मला सुचत नाही.

घोडं अडतं ते एकमताच्या नियमावर. इथे मतदान नाही. सगळ्या देशांनी हो म्हणायला हवं, एक जरी नाही म्हणाला तरी विषय तिथेच थांबतो. व्यापारी आणि स्वयंसेवी संस्था निरीक्षक म्हणून बसतात, त्यांना बोलता येतं, अडवता येत नाही. व्याख्या बदलायचा प्रयत्न २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षतेखाली झाला. २०१९ मध्ये भारत अध्यक्ष होता. नोव्हेंबरमध्ये नवी दिल्लीला महासभा भरली तेव्हाही हाच विषय होता, आणि तिथेही वाक्य जसंच्या तसं राहिलं. २०२१ मध्ये जबाबदार खरेदीची काही तत्त्वं मान्य झाली, पण ती कुणावर बंधनकारक नाहीत.

त्यानंतर रशियाने युक्रेनवर हल्ला केला. जगातल्या कच्च्या हिऱ्यांतला जवळपास तिसरा हिस्सा रशियाचा आणि तो काढणाऱ्या अल्रोसा कंपनीत रशियाच्या सरकारचा मोठा वाटा. पुन्हा तेच: इथे बंडखोर कुठे आहेत? २०२२ मध्ये बोट्स्वानातल्या बैठकांत कार्यक्रमपत्रिकेवरूनच तिढा पडला. शेवटी जी-७ देशांनी किंबर्लीला बाजूला ठेवून आपापली बंदी घातली. १ जानेवारी २०२४ पासून थेट रशियातून येणाऱ्या हिऱ्यांवर, १ मार्चपासून तिसऱ्या देशात पैलू पडून येणाऱ्या एक कॅरेट आणि त्यावरच्या हिऱ्यांवर, सप्टेंबरपासून अर्ध्या कॅरेटपर्यंत. तिसरा देश म्हणजे मुख्यतः आपणच. भाचीच्या अंगठीतला खडा तीस सेंटचा, त्यामुळे तो या नियमांच्या खालून सुटतो. ही गोष्ट मला त्या पेढीत बसलेलो असताना माहीत नव्हती, नंतर कळली तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो.

आमच्या पेठेत पेढ्यांपासून थोडं चालत गेलं की पासोड्या विठोबाजवळचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार लागतो. डब्यांतून सुटे भाग मांडलेले, त्यांत शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळीएवढे पिवळे टँटलमचे कपॅसिटर. टँटलम ज्या कोल्टनपासून निघतो, त्याचा मोठा साठा पूर्व काँगोत, जिथे सशस्त्र टोळ्या त्याच्यावर जगत आल्या आहेत. त्याच्यासाठी किंबर्लीसारखा जागतिक डबा नाही. अमेरिकेने २०१० मध्ये कंपन्यांना माहिती जाहीर करायला लावली, युरोपीय संघाचा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. आमच्या बाजारातल्या दुकानदाराच्या पावतीवर मात्र काहीच ओळ नसते. हिऱ्याच्या पावतीवर आहे म्हणून तरी भाचीला प्रश्न पडला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईला महासभा झाली. बंडखोरांपलीकडचे सशस्त्र गट व्याख्येत घ्यायचे का, यावर तिथेही एकमत झालं नाही. १ जानेवारी २०२६ पासून अध्यक्षपद भारताकडे आलं आहे, २००८ आणि २०१९ नंतर तिसऱ्यांदा. पैलू पाडणारा सर्वात मोठा देश म्हणून आपला शब्द तिथे जड आहे. आपल्या कारखान्यांना कच्चा माल हवा आणि तो रशियाचा असो वा झिम्बाब्वेचा, रोजगार इथल्या मुलांचा आहे, हेही खरं. तरीही मला वाटतं, भारताने ते वाक्य उघडावं. 'बंडखोर' या शब्दाशेजारी सरकारी सैन्य, त्याच्या आश्रयाच्या टोळ्या आणि खाणींचे भाडोत्री रक्षक लिहावेत. गाळातून खडा वेचणाऱ्याला गोळी कुणाच्या बंदुकीतून लागली, यावर तो माणूस व्याख्येत बसतो की नाही हे ठरू नये. एकमत होणार नाही, असं सगळे सांगतील.

अंगठी तयार झाल्यावर आणायला मी एकटाच गेलो. डबी हातात घेतली, पावती मागितली. सराफ म्हणाले, "तुम्हाला दिली होती की." "ती भाचीकडे आहे," मी म्हटलं, "मला तळाची ती ओळ नीट उतरवून घ्यायची आहे." त्यांनी पावतीपुस्तक माझ्याकडे वळवलं, स्वतःचं भिंग पुढे सरकवलं आणि माझं लिहून होईपर्यंत थांबले.